ओळीवर क्लिक केलं, तारा उजळला नाही? फोन करण्याआधी हे वाचा

आमच्या प्रोग्रॅममधल्या तक्त्यात एका ओळीवर क्लिक केलं की शेजारी उघडलेल्या अलादीनमध्ये (आकाशाचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम) तोच तारा उजळायला हवा. ‘उजळत नाही हो’ असे फोन सारखे येतात आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: तीच फाइल दोन्हीकडे वेगवेगळी उघडलेली असते.

तुमच्या लेखी ती फाइल एकच. सॉफ्टवेअरच्या लेखी नाही. सॅम्प या, खगोलशास्त्राच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरलेल्या संदेश-मानकात एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला तक्ता पाठवला की सोबत ‘टेबल-आयडी’ नावाची खूण जाते. पुढचा ‘ओळ ११७ उजळव’ हा निरोप सहसा त्या खुणेवर चालतो. अलादीनमध्ये तुम्ही फाइल थेट डिस्कवरून उघडलीत तर त्याच्याकडे ही खूणच नसते. निरोप पोचतो, पण कुठल्या तक्त्याची ओळ हे न कळल्याने अलादीन गप्प बसतो. चूक झाल्याचा संदेशही बहुधा दिसत नाही, मग खापर आमच्यावर फुटतं. म्हणून फाइल आमच्याकडे उघडा आणि ‘पाठवा’ बटणानेच तिकडे न्या. (ओळी शून्यापासून मोजतात, ११७ म्हणजे तुमच्या पडद्यावरची ११८वी. हे आमच्या मनाचं नाही, मानकच तसं आहे.)

हब, म्हणजे प्रोग्रॅमांमधले निरोप इकडून तिकडे पोचवणारा मधला दुवा, चालू हवा. टॉपकॅट (तक्ते हाताळणारा प्रोग्रॅम) आणि अलादीन दोघांतही तो असतो. होम फोल्डरमधली ‘डॉट सॅम्प’ फाइल मात्र कचरा समजून पुसू नका. हबचा पत्ता आणि गुप्त किल्ली तिच्यातच असते.

‘स्वतःची वेगवान पद्धत का नाही केलीत?’ असंही विचारतात. सॅम्पमध्ये मजकूर, यादी आणि नाव-मूल्यांच्या जोड्या एवढंच पाठवता येतं. आकडासुद्धा मजकूर म्हणूनच जातो. दिसायला गरीब, पण म्हणूनच जावा, पायथन, सी अशा सगळ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांना झेपतं. मोठा तक्ता संदेशात कोंबत नाहीत, फक्त त्याचा पत्ता पाठवतात. प्लास्टिक या आधीच्या पद्धतीच्या अनुभवातून २००९ मध्ये हे मानक ठरलं, आवृत्ती १.३ आली २०१२ मध्ये. आमची स्वतःची पद्धत असती तर ती फक्त आम्हालाच कळली असती.

तुमच्या प्रयोगशाळेचा जुना प्रोग्रॅमही आम्ही असा जोडून देतो. घरीच जोडणार असाल तर विषुवांश (ताऱ्याचं आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) अंशांत पाठवा, तासांत नाही. एका ग्राहकाच्या स्क्रिप्टने मृगातल्या तेजोमेघासाठी ८३.८२ ऐवजी ५.५९ पाठवलं आणि नकाशा सुमारे ७८ अंश भरकटला. दोन दिवस आम्ही हब तपासत बसलो होतो.

तरीही अडलं तर हबच्या खिडकीचा स्क्रीनशॉट पाठवा. दोन्ही प्रोग्रॅमची नावं त्यात दिसली पाहिजेत.