काटा, पू आणि जाळं

टाचेत बाभळीचा काटा मोडला, की पहिल्या दिवशी नुसतं टोचतं. दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, ठणका लागतो, आणि मग वर पिवळसर ठिपका दिसू लागतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पिकलंय, घाण निघून जाऊ दे." लहानपणी मीही पूला घाणच समजायचो. आता तो शब्द खटकतो. त्या थेंबात मुख्यतः पांढऱ्या पेशी असतात, मेलेल्या आणि मरू घातलेल्या. त्या तिथे कशा आल्या, हे शास्त्राला उमगलं तेही एका काट्यामुळेच.

1882 ची अखेर. सिसिली बेटावरच्या मेसिना गावात इल्या मेचनिकोव्ह हा प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटाच होता. बाकीची मंडळी सर्कशीला गेली होती. तारामाशाची इवलीशी, काचेसारखी पारदर्शक पिल्लं तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत. त्याच्या मनात आलं, याला काटा टोचला तर या पेशी धावून येतील का? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्याने ते पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! पेशी शत्रूला गिळतात, ही कल्पना त्याने यातून मांडली. अनेकांनी ती नाकारली, पण 1908 साली पॉल एर्लिक यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं.

आपल्या अंगात काट्याकडे सर्वांत आधी धावतात त्या न्यूट्रोफिल पेशी. रक्ततपासणीच्या कागदावर हे नाव तुम्ही वाचलं असेल. मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींत साधारणपणे निम्म्याहून अधिक याच असतात. अस्थिमज्जा रोज सुमारे 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्यांचं आयुष्य फार थोडं, म्हणून तर एवढी घाई.

जखमेतून रासायनिक हाक सुटली, की जवळच्या रक्तवाहिनीची आतली बाजू चिकट होते. वाहत चाललेली न्यूट्रोफिल तिथे अडखळते, गडगडत पुढे जाते, थांबते, आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. पुढचा पाठलाग 1950 च्या दशकात डेव्हिड रॉजर्स या अमेरिकी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून चित्रित केला. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक न्यूट्रोफिल जिवाणूंच्या मागे लागलेली आहे. ते सरकले की ही वळते, वाटेतल्या पेशींना ढकलते, अंग लांबवते आणि शेवटी त्यांना पोटात घेते. तिला ना डोळे, ना मेंदू. जिवाणूने मागे सोडलेल्या रसायनांचा माग काढत ती जाते. मी ते दृश्य कितीदा पाहिलं असेल, दर वेळी श्वास रोखला जातो.

गिळलं म्हणजे मारलं असं नव्हे. जिवाणूभोवती पिशवी तयार होते. पेशीतल्या विषारी प्रथिनांच्या पुड्या त्या पिशवीत रिकाम्या होतात. ऑक्सिजनपासून पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि त्यातून हायपोक्लोरस आम्ल. पांढरे कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमधलं हेच रसायन. ते बनवणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, हिरवं असतं, पूला कधीकधी हिरवट झाक येते ती त्याचीच. काही मुलांत ऑक्सिजनचं हे हत्यार जन्मतःच सदोष असतं. त्यांच्या पेशी जिवाणूला पकडतात, गिळतातही, पण काही जिवाणू आणि बुरशी आत जिवंतच राहतात. त्या मुलांना पुन्हा पुन्हा गळवं होतात.

2004 साली बर्लिनमधल्या माक्स प्लांक संस्थेत फोल्कर ब्रिंकमान, आर्टुरो झिचलिन्स्की आणि सहकाऱ्यांना न्यूट्रोफिलची जिवाणू मारण्याची आणखी एक तऱ्हा दिसली. आपल्या पेशीकेंद्रकात सुमारे 2 मीटर लांबीचा डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. न्यूट्रोफिल ती गुंडाळी सैल करते, केंद्रकाचं आवरण विरघळतं, पेशी फुटते आणि डीएनएचे धागे बाहेर पसरतात. जिवाणू त्यात अडकतात आणि धाग्यांवरची प्रथिनं त्यांना मारायला लागतात. गिळता येणार नाहीत एवढे लांब बुरशीचे तंतूही या जाळ्यात गुंततात. कोळीही जाळं स्वतःच्याच अंगातून काढतो, पण काढून झाल्यावर जिवंत राहतो. इथे पेशीचा बहुधा जीवच जातो.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. घसा धरवणारा स्ट्रेप्टोकोकस डीएनए कापणारं एन्झाइम सोडतो आणि जाळं फाडून निसटतो. उलट जाळी नको तिथे पसरली, तर रक्तवाहिनीत गुठळी धरायला मदत करतात.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात न्यूट्रोफिल येत राहतात, मरत राहतात, आणि त्यांच्या डीएनएमुळे कफ इतका चिकट होतो की खोकून सुटत नाही. त्या रुग्णांना 1990 च्या दशकापासून वाफाऱ्यासारखं हुंगायचं एक औषध मिळतं. तेही डीएनए कापणारं एन्झाइमच आहे. स्ट्रेप्टोकोकस ज्या तऱ्हेच्या कात्रीने निसटतो, तशाच कात्रीने इथे कफ पातळ होतो आणि रुग्णाला जरा मोकळा श्वास घेता येतो.