वहीतली नावं : बेळगाव सीमाभागातल्या नोकरभरतीची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातल्या मराठी घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा झाला. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. तोवर केंद्राच्या हातात असलेली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे नोकरी मागणाऱ्यांची नावं नोंदवणारी सरकारी कार्यालयं, आणि कारागीर प्रशिक्षणाच्या संस्था, म्हणजे आजच्या आयटीआय, यांचा रोजचा कारभार शिवा राव समितीच्या शिफारशीवरून नेमका त्याच तारखेला राज्यांकडे गेला. तालुके वाटले गेले, तशा नोकरी मागणाऱ्यांच्या याद्याही वाटल्या गेल्या. चंदगडच्या पोराचं नाव कोल्हापूरच्या रजिस्टरात आणि येळ्ळूरच्या पोराचं बेळगावच्या. कामासाठी जवळचं शहर मात्र दोघांनाही एकच होतं.

मी गेली अठरा वर्षं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आणि मशीन शॉपसाठी माणसं घेण्याचं काम करतो. अलीकडे आमच्या बैठकांमध्ये ‘टॅलेंट पाइपलाइन’ हा शब्द सारखा ऐकू येतो. जागा रिकामी व्हायच्या आधीच माणसं हेरून ठेवायची, त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी धावाधाव होत नाही, असा त्याचा अर्थ. पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांकडून तो आपल्याकडे आला. १९९७ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं चांगल्या माणसांसाठीच्या चढाओढीला ‘युद्ध’ म्हटलं, तेव्हापासून या विचाराला जोर चढला. पण आपल्या भागात ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती कुणी चालवली, कुणाच्या पैशानं चालली आणि कुठे मोडली, हे कळलं तर आजच्या अडचणी जास्त नीट कळतात.

सुरुवात पलटणीपासून करायला हवी. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ ची. १९२२ च्या फेररचनेनंतर रेजिमेंटची प्रशिक्षण बटालियन बेळगावात आली आणि तेव्हापासून हे शहर मराठा रंगरुटांचं माहेर झालं. भरतीची जाहिरात गावोगाव पोचण्याआधी रजेवर आलेला जवान पोचायचा. तो पारावर बसायचा, पोरांची छाती-उंची डोळ्यांनी मोजायचा आणि परत जाताना दोघा-तिघांना सोबत न्यायचा. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून घरात ठरलेलं असायचं की हा पलटणीत जाणार. १९४५ मध्ये बेळगावात मिलिटरी स्कूल निघालं, त्यामागेही हीच दूरदृष्टी होती. फौजेला लागणारा माणूस शाळेच्या वयापासून घडवायचा. सहा-सात वर्षं पुढची गरज आज ओळखून तयारी करणं याहून वेगळं काय असतं? फौजेनं यासाठी खर्चही स्वतः केला. शाळा, जेवण, गणवेश, कवायत सगळं तिचं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गिरण्यांची गोष्ट वेगळी. गोकाक फॉल्सची गिरणी १८८७ मध्ये सुरू झाली, घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर. मुंबईच्या गिरण्यांमध्येही आपल्याकडची, कोल्हापूरची, कोकणातली माणसं गेली. तिथे माणूस घ्यायचा तो जॉबर. जॉबर आपल्या गावची, भावकीतली माणसं आणायचा, खानावळीत सोय लावायचा आणि त्याबदल्यात दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायचा. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या मक्तेदारीवर कडक टीका केली आणि भरतीसाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं. आज एचआर म्हणून आम्ही ज्या खुर्चीत बसतो, तिचं मूळ तिथे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली कामगारांची पद्धत आखून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड मिळायचं. कार्डवाल्यानं रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर व्हायचं. कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नसेल तर घरी. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर याहून पक्की व्यवस्था नाही, कारण एकही माग रिकामा राहत नाही. पण थांबण्याचा सगळा खर्च दारात उभ्या माणसाच्या खिशातून जात होता. मला वाटतं, राखीव उमेदवारांची कोणतीही यादी तपासताना हा पहिला प्रश्न विचारावा की वाट पाहण्याची किंमत कोण मोजतंय?

ऊसपट्ट्यात तर ही किंमत कर्जाच्या रूपात दिसते. चिकोडी, हुक्केरी, गोकाक, रायबाग या बाजूला साखर कारखान्यांची दाटी आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, पण तोडणीच्या टोळ्या पावसाळ्यातच बांधल्या जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, नवरा-बायकोच्या जोडीचा ‘कोयता’ ठरतो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता त्या मुकादमाचा. हंगामाच्या तीन-चार महिने आधी माणूस पक्का करणारी इतकी बिनचूक भरती दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण त्या पक्केपणाला उचलीची दोरी बांधलेली आहे आणि ती सोडून जाण्याची मुभा माणसाला नसते. आगाऊ भरतीचं कौतुक करताना हे चित्र मी नजरेआड करू शकत नाही.

सरकारनं या सगळ्याला पर्याय म्हणून रजिस्टर आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये राष्ट्रीय रोजगार सेवा सुरू झाली आणि १९४८ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. १९५९ च्या कायद्यानं सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं. कळवणं बंधनकारक, तिथूनच माणूस घेणं नाही. त्या एका फटीतून पुढची सगळी हवा निसटली.

आमच्या वडिलांच्या पिढीत दहावी झाली की ‘एम्प्लॉयमेंटला नाव घालून ये’ हे पहिलं वाक्य असायचं. आमच्या घरी देवाच्या फळीखाली पत्र्याच्या पेटीत काकांचं कार्ड आहे. कडा पिवळ्या पडल्यात, मागच्या बाजूला नूतनीकरणाचे जांभळे शिक्के एकाखाली एक, आणि प्रत्येक शिक्क्यासाठी बेळगावला खेप. कॉल एकदाच आला, तोही वय उलटल्यावर. त्या कार्यालयातल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. नाव, शिक्षण, जात, जन्मतारीख एवढंच त्या कार्डावर मावायचं. काकांना वेल्डिंग येत होतं, त्यासाठी तिथे रकाना नव्हता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की सरकारी जागांसाठी एक्स्चेंजच्या यादीपुरतं न थांबता वर्तमानपत्रांत जाहिरातही द्यावी. २०१५ पासून नॅशनल करिअर सर्व्हिसचं संकेतस्थळ आलं. पेटी बदलली, पण कार्ड घालून वाट पाहायची सवय बरीचशी तशीच राहिली.

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा, काकती या पट्ट्यात जे कारखाने उभे राहिले, त्यांची भरती या सगळ्यांचं मिश्रण होती. भाऊ मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे बनवणारा, असेल तर धाकटा आपोआप हेल्पर. ‘वळखीचा हाय ओ, लावून घ्या की,’ या एका वाक्यावर माणूस आत यायचा. हे वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. किणये किंवा कंग्राळीचा जुना मोल्डर ज्याला घेऊन यायचा, त्याची जबाबदारी तो घ्यायचा. पहिल्याच दिवशी तो पोराला वाळू मुठीत दाबायला लावायचा. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत आणि मोडल्यावर तो स्वच्छ दोन तुकड्यांत तुटला पाहिजे. चुरा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. प्रयोगशाळेतलं यंत्र नंतर आलं. आजही मी मोल्डर घेताना कागद बाजूला ठेवून त्याला वाळूच्या ढिगाकडे नेतो. कागदावर दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस मुठीत गडबडतो, आणि कधी कधी घरची शेती करून फक्त दोन हंगाम फाउंड्रीत काढलेला पोरगा अचूक सांगतो.

ही ओळखीची साखळी गेल्या वीस वर्षांत तुटत आली. मोल्डरचा मुलगा भट्टीसमोर उभा राहायला तयार नाही, आणि त्याच्या बापालाही ते नको आहे. पोरं गोव्याला हॉटेलात आणि औषध कारखान्यांत गेली, कोल्हापूरच्या एमआयडीसीत गेली, पुण्याला गेली. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारं सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, झालं, तिथे सीएनसीवाल्यांना, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं हाताळणाऱ्यांना, चांगली मागणी आली. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या मुलांना बाहेरच्या कंपन्या शेवटच्या वर्षातच नेमणुकीचं पत्र देऊन ठेवतात. आमच्यासारखे लहान कारखाने मात्र माणूस सोडून गेल्यावर जागे व्हायचे. भट्टीवरच्या कामासाठी आता बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत माणसं येतात. ठेकेदाराचा माणूस पाहिला की मला जुना जॉबर आठवतो.

एका वर्षी दिवाळीनंतर मोठी ऑर्डर आली आणि एकदम सहा मोल्डर हवे होते. माझ्याकडे चाळीसेक नावांची वही होती, तिच्या भरवशावर मी निर्धास्त होतो. फोन लावायला बसलो तर निम्मे नंबर बंद. उरलेल्यांतले बरेचजण दुसरीकडे लागलेले. एकजण म्हणाला, ‘दोन वर्षं झाली साहेब, तुम्ही कळवतो म्हणाला होता.’ त्या दिवशी मला काकांच्या पेटीतलं कार्ड आठवलं. तीच चूक मी निळ्या शाईत केली होती.

अप्रेंटिसशिप हा यातला सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे असं माझं मत आहे, आणि सर्वांत कमी वापरलेलाही. १९६१ चा कायदा आहे, तरी कित्येक वर्षं लहान कारखानदार त्याकडे कटकट म्हणून पाहत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले, २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र देऊ लागलं, आणि २०१९ पासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेत असं ठरलं. इथे वाट पाहणाऱ्या उमेदवाराला शिकायला मिळतं आणि महिन्याला पैसेही. बाकीचा खर्च कारखाना उचलतो, पलटणीसारखा.

पलटणीची स्वतःची रीतही बदलली. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातले २५ टक्केच पुढे कायम. पहाटे पाचला सांबऱ्याच्या रस्त्यावर धावणारी पोरं अजून दिसतात, पण त्यांच्या आयांच्या प्रश्नात आता ‘चार वर्षांनंतर काय’ हे आलंय. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागते. शिस्त असलेली, पंचविशीच्या आसपासची ही मुलं गावी परतायच्या आधी त्यांच्याशी बोलणं सुरू करायला हवं.

सीमेचा पेच या सगळ्यावर कायम आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं खाजगी नोकऱ्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली, आणि गदारोळ झाल्यावर ते थांबवलं. स्थानिक ठरायला कन्नड विषय घेऊन दहावी किंवा कन्नडची परीक्षा अशी अट त्यात होती. पलीकडे महाराष्ट्र आपल्या सरकारी भरतीत, कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर त्याचा दावा आहे तिथल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करू देतो. शिनोळीची एमआयडीसी चंदगड तालुक्यात, हद्दीला लागून. एकाच घरातला थोरला मच्छ्याला आणि धाकटा शिनोळीला कामाला, असं सर्रास आहे. दाखले, भाषा आणि नियम घराघरातून असे फाटलेले असताना माणूस ओळखून ठेवणं हे इथे कारखान्याचंच काम होऊन बसतं.

आता माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी असतात : हाताला काय येतं, कुठल्या बसनं येणार, घरी भात लावणी-कापणी कधी असते, आणि शेवटचं बोलणं कधी झालं. दर तीन महिन्यांनी फोन करतो. जागा नसेल तर नाही म्हणून सांगतो, कुठे आहे ते माहीत असेल तर तेही सांगतो. गेल्या आषाढात चंदगडच्या एका पोराला फोन केला, तर तो चिखलात रोप लावत होता. म्हणाला, ‘लावणी आटपू दे, श्रावणात येतो.’ मी नावापुढे श्रावण असं लिहून ठेवलं, आणि तो आला.