तास सरळ कसा राहतो?

जुलैत कपाशीची डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, चालते तेव्हा बैलांचा डवरा धरणाऱ्याचे हात बघावेत. डावा बैल अंग चोरतो, मधेच ढेकूळ लागतं, काळी माती पासेला, म्हणजे डवऱ्याच्या पात्याला, चिकटते. रुमण्यावरचा, म्हणजे मुठीवरचा, हात दर पावलाला काहीतरी वेगळंच करतो. पास मात्र दोन तासांच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींच्या, मधूनच चालते. मग हा माणूस नेमकं काय सांभाळतो? स्वतःचे हात, की डोळ्यांपुढचं ते चित्र?

अमेरिकी तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ जॉन ड्यूई यांनी 1896 मध्येच लिहिलं होतं की उद्दीपन (बाहेरून होणारा टोचा) आणि प्रतिसाद ही एकाच वर्तुळाची अंगं आहेत. 1913 नंतर मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांच्या वर्तनवादाने, म्हणजे फक्त बाहेरून दिसणारं वागणंच अभ्यासायचं या मताने, ते वर्तुळ सरळ करून टाकलं: बाहेरून टोचा, आतून हालचाल.

उत्तर आलं ते यंत्रांकडून. जेम्स वॉट यांनी 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक लावला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफ कमी होई. परिणाम फिरून कारणावर येतो, तोच फीडबॅक. असे नियंत्रक कधीकधी वेग सावरण्याऐवजी हेलकावे का खातात, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये मांडलं. नवशिक्याचा डवराही असाच नागमोडी जातो. चूक उशिरा दिसते, मग तो जास्तच रेटतो. (मे महिन्यातल्या आपल्या कूलरला तर एवढीही अक्कल नसते. पहाटे गारठलं की उठून बटण आपणच बंद करायचं.)

1943 मध्ये रोझेनब्लूथ, वीनर आणि बिगेलो या संशोधकांनी हेतुपूर्ण वागणं फीडबॅकशी जोडलं. तरी बहुतेकांच्या डोक्यात नियंत्रण होतं ते हालचालीचं. ते उलटं केलं अमेरिकी संशोधक विल्यम पॉवर्स यांनी, आधी 1960 च्या निबंधात क्लार्क आणि मॅकफारलंड यांच्यासोबत आणि मग 1973 च्या पुस्तकात. त्यांचं म्हणणं असं: मेंदूला कळतं ते फक्त जाणवलेलं. जे दिसतंय आणि जे दिसायला हवं, त्यातला फरक हात हलवतो. बैल का सरकला, हे कळायची गरजच नाही.

पॉवर्स यांचा एक खेळ आहे. दोन रबर बँड गाठीने जोडायचे, एक टोक तुमच्याकडे, दुसरं समोरच्याकडे. तुम्ही गाठ कागदावरच्या ठिपक्यावर धरून ठेवायची, तो वाटेल तसं ओढणार. नंतर त्याला विचारा, मी काय करत होतो? तो बहुधा सांगतो, "मी ओढलं की तुम्ही उलटं ओढायचे." ठिपक्याकडे त्याचं लक्षच गेलेलं नसतं.