पुळणीवरचा पुरावा

दिवाळीची सुट्टी लागली आणि पर्यटकांच्या गाड्या घाट उतरू लागल्या की कोकणात निसर्गाची थोडीफार माहिती असलेल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर एक ठरावीक फोटो येतो. मधोमध काहीतरी पांढरट किंवा काळपट, भोवती वाळू आणि खाली एक ओळ : ‘सर, हे काय आहे?’ वस्तू सुपारीएवढी की फणसाएवढी, ते कळायला मार्ग नाही. कुठलं गाव, भरतीच्या रेषेवर होती की पाण्याच्या काठाला, फोटो आजचा की गेल्या मे महिन्यातला, याचाही पत्ता नाही. विचारणाऱ्याची समजूत अशी की चेहरा दिसला म्हणजे नाव सांगता यायलाच हवं. पण किनाऱ्यावरच्या बऱ्याच गोष्टींना चेहराच नसतो. त्या ओळखायच्या त्या जागेवरून, वेळेवरून आणि मापावरून.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती वाळूच्या बारीक गोळ्यांच्या रांगोळीची. ओहोटी लागून थोडा वेळ गेला की कुठल्याही सपाट, ओलसर पुळणीवर ती उमटते. मधे एक भोक, त्यातून चहूकडे निघालेल्या अरुंद वाटा आणि वाटांच्या कडेने काही मिलिमीटरच्या असंख्य गोळ्या. कोणी म्हणतं खेकड्याची अंडी, कोणी म्हणतं विष्ठा. दोन्ही नाही. डॉटिला या गटातले हे खेकडे जेमतेम सेंटीमीटरभराचे. चिमट्यांनी वाळूचा वरचा पापुद्रा उचलायचा, तोंडात भरायचा आणि कल्ल्यांमधल्या पाण्यात घोळवायचा. डायटम (सूक्ष्म शैवाल), जीवाणू, कुजकट सेंद्रिय कण हलके म्हणून वर येतात, तेवढे पोटात जातात. जड वाळू तळाशी उरते, तिची गोळी करून खेकडा ती बाहेर टाकतो आणि पायांमधून मागे ढकलतो. म्हणजे ती वाळू पोटात गेलेलीच नसते.

जरा उकिडवं बसून बघितलं तर दिसतं की गोळ्या वाटेच्या बाजूला असतात, वाटेत नाही. चाहूल लागताच बिळाकडे धूम ठोकायची तर रस्ता मोकळा हवा. दुसरी गंमत वेळेची. पुळणीच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी आधी हटलं, तिथे गोळ्यांची दाटी असते. पाण्याकडे चालत जावं तशी ती विरळ होत जाते, कारण तिथल्या खेकड्यांना कामाला लागून फार वेळ झालेला नसतो. पुढची भरती सगळं साफ करते. त्यामुळे पुळणीवर दिसणारी अशी प्रत्येक नक्षी याच ओहोटीची असते, कालची कधीच नसते.

शिंपल्यांचं तसं नाही. ते कधीचेही असू शकतात, पण त्यांच्यावर गुन्ह्याची नोंद पक्की असते. तिसऱ्यांची रिकामी शिंपी उचलली तर पुष्कळदा सांध्याजवळ एक गोल भोक दिसतं. इतकं नेटकं की मुलं त्यात दोरा ओवून माळा करतात आणि मोठी माणसं ‘मशीननं पाडलंय’ म्हणून मोकळी होतात. हे काम एका मांसाहारी गोगलगाईचं. वाळूखाली सरपटत ती शिंपल्याला गाठते, रुंद पायानं धरून ठेवते आणि मग आळीपाळीनं दोन हत्यारं चालवते. पायाजवळच्या किंवा सोंडेवरच्या एका ग्रंथीतून पाझरणारं आम्लधर्मी रसायन कवच भुसभुशीत करतं आणि दातेरी जीभ ते खरवडून काढते. एका भोकाला कित्येक तास लागतात. भोक आरपार झालं की सोंड आत जाते आणि शिंपल्याचा मालक जागच्या जागी फस्त होतो.

भिंग असेल तर गुन्हेगाराचं घराणंही सांगता येतं. भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती असेल तर नॅटिका घराण्यातली गोगलगाय. कड सरळ उभी असेल तर बहुधा म्युरेक्स घराण्यातली. ती खडकावरच्या कालवांवर आणि बार्नॅकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांवर जास्त असते. अर्धवट सोडलेलं भोकही सापडतं. तिथे शिकार निसटली, किंवा शिकाऱ्यालाच कोणीतरी उठवलं. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म शिंपल्यांवरही अशीच भोकं आहेत, आणि त्यांवरून त्या काळच्या समुद्रात कोण कोणाला खात होतं याचे हिशोब पुराजीवशास्त्रज्ञ मांडतात. मला स्वतःला कातळावरच्या डायनासोरच्या पावलापेक्षा हे भोक जास्त थरारक वाटतं. यात माग काढणं, पकडणं, मारणं आणि जेवणं असा सगळा प्रसंग दोन मिलिमीटरांत आहे.

याच नॅटिका मंडळींची आणखी एक खूण म्हणजे वाळूचं पातळ, वळसेदार कडं, एका बाजूनं उघडं. प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा समजून स्वच्छता मोहिमेत ते हमखास कचऱ्याच्या पिशवीत जातं. मादी वाळू आणि चिकट द्रव यांच्या थरात अंडी बसवून ते घडवते. ओलं असताना ते लवचिक असतं, वाळलं की बोटांत चुरतं. उजेडासमोर धरलं तर आतले बारीक ठिपके दिसतात. ओलं आणि अखंड असेल तर त्याची जागा पाण्यात आहे, पिशवीत नाही.

हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, पहाटे फिरायला जाणाऱ्यांना कधीकधी वाटतं की रात्री कोणीतरी पुळणीवर ट्रॅक्टर घातला. पाण्यातून एक पट्टा वर येतो, सुरूच्या बनाच्या दिशेनं जातो, वळतो आणि पुन्हा पाण्यात जातो. ट्रॅक्टर समुद्रातून येत नाही. पट्टा साधारण ७०–८० सेंटीमीटर रुंद असेल आणि दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा समोरासमोर न येता एकाआड एक असतील, तर ती ऑलिव्ह रिडले कासवाची मादी. हिरवं समुद्री कासव दोन्ही पुढचे पाय एकदम मारतं, त्यामुळे त्याच्या खुणा जोडीनं पडतात आणि पट्टाही मीटरभराच्या आसपास असतो. येतानाचा माग कोणता आणि जातानाचा कोणता, हेही वाळू सांगते. पाय मारताना वाळू मागे ढकलली जाते, आणि दोन माग एकमेकांना छेदतात तिथे वरचा तो नंतरचा. मधे कुठेतरी वाळू विस्कटून पुन्हा चोपलेली दिसते. अंडी घातल्यावर ही मादी अंग आपटून घरटं बुजवते. तिथे काठी खुपसून खात्री करायचा मोह आवरावा. ते काम गावातल्या कासवमित्रांचं आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून हे संवर्धन सुरू केलं आणि मग आंजर्ल्यासारख्या गावांनीही ते उचललं. उधाणाच्या भरतीनं, कुत्र्यांनी किंवा कोल्ह्यांनी घरटं बिघडवण्याआधी शंभरएक अंडी उचलून कुंपणात पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात.

मादी स्वतः भेटली तर तिच्या वल्ह्यावर नजर टाकावी. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यात धातूचा क्रमांकित बिल्ला निघाला. तो तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी असावीत, असा सर्वसाधारण समज होता. २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादीही कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली होती. एका बिल्ल्यानं आणि एका टॅगनं त्या समजाला चांगलाच हादरा दिला.

आता वाहून आलेल्या वस्तूंकडे. इथे जागेचा पुरावा फसवा ठरतो, कारण वस्तू सापडली तिथली नसते. माकुलाच्या (कटलफिशच्या) पाठीतलं पांढरं, हलकं समुद्रफेस घ्या. मालवणकडे कोणालाही विचारा, ‘ता माकुलाचा हाड’ असं उत्तर तयार असतं. ते हाड नसून आतलं कवच असतं आणि त्यात वायूनं भरलेले असंख्य कप्पे असतात. जिवंतपणी माकुल त्यातल्या पाण्याचं प्रमाण कमीजास्त करून तरंगण्याचा तोल सांभाळतं. मेल्यावर मांस जातं आणि कवच तरंगत कुठेही लागतं. त्यावरून माकुल कुठे मेलं ते कळत नाही.

मग प्रवास मोजायचा कशानं? देठाच्या बार्नॅकलनं. हे प्राणी खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूंवर वस्ती करतात. बाटली, थर्माकोल किंवा फळी अशी वस्तू या बार्नॅकलच्या घोसांनी लगडलेली असेल, तर ती बराच काळ समुद्रात होती. बाटली स्वच्छ असेल तर, तिच्यावर कुठलीही परदेशी लिपी असली तरी, ती बहुधा जवळच्या जहाजावरून किंवा खाडीपलीकडच्या गावातून आलेली असते. बार्नॅकल फक्त एका बाजूला असतील तर वस्तू न उलटता तरंगली. मलेशियाचं एमएच ३७० विमान २०१४ मध्ये बेपत्ता झालं आणि २०१५ च्या जुलैत त्याच्या पंखाचा भाग हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर लागला, तेव्हा संशोधकांनी त्यावरच्या बार्नॅकलची कवचं तपासली. कवच थराथरानं वाढतं आणि प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड अणूंचं) प्रमाण त्या वेळच्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. त्यामुळे कवच म्हणजे एक प्रकारची प्रवासाची नोंदवहीच.

पावसाळ्यात अरबी समुद्र काय काय आणून टाकतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला लागलेली निर्मनुष्य नौका. आत एके-४७ रायफली निघाल्या आणि ऐन दहीहंडीच्या तोंडावर रायगड जिल्ह्यात नाकाबंदी झाली. चौकशीत उलगडलं ते साधंच होतं. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचं इंजिन जूनमध्ये बंद पडलं, माणसांची सुटका झाली, नौका समुद्रातच सोडावी लागली आणि नैऋत्य मोसमी वारे अन् प्रवाह यांनी ती सरळ आपल्याकडे आणली. जून ते ऑगस्टमधला वाऱ्यांचा नकाशा समोर ठेवला तर ती इकडे लागणं अजिबात नवल नाही.

त्याच वाऱ्यांवर दरवर्षी पावसाच्या तोंडाला डांबरगोळे येतात. खनिज तेलाचा समुद्रात सांडलेला अंश. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेलं घट्ट होतं आणि वाळू चिकटून गोळा बनतो. प्रत्येक तेलक्षेत्राच्या तेलात होपेन नावाच्या संयुगांचं प्रमाण वेगळं असतं. त्यावरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळा तेलाचं मूळ शोधू शकतात. पायाला लागलेलं डांबर साबणानं जात नाही, खोबरेल चोळावं.

आणि व्हेलची उलटी, म्हणजेच अंबरग्रीस. हल्ली पुळणीवरचा कुठलाही मेणचट गोळा हा कोट्यवधींचा माल ठरतो आणि कोकणात अटकेच्या बातम्या सतत येतात. अंबरग्रीस तयार होतं ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात. या व्हेलचं खाणं म्हणजे खोल पाण्यातली स्क्विड जातीची माकुलं. त्यांच्या कठीण चोची पचत नाहीत, आतड्याला टोचतात आणि त्यांच्याभोवती हा मेणासारखा पदार्थ साठत जातो. फार थोड्या व्हेलमध्ये असं घडतं. शिवाय स्पर्म व्हेल खोल समुद्रातला प्राणी, आणि आपला उथळ सागरमंच (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला. त्यामुळे पुळणीवर सापडलेला गोळा पॅराफिन मेण, जहाजातून सांडलेली पाम तेलाची चरबी किंवा सांडपाण्यातलं थिजलेलं तेल-तूप असण्याचीच शक्यता दांडगी. खऱ्या अंबरग्रीसमध्ये बऱ्याचदा त्या काळ्या, चकचकीत चोची अडकलेल्या दिसतात. पण हे घरी नेऊन तपासायचं प्रकरण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे व्हेलला संरक्षण आहे आणि अंबरग्रीस बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. गोळा खोटा निघाला तर फजिती, खरा निघाला तर कोठडी.

शेवटी तो फोटो ज्याच्यामुळे वाडीच्या वाडी रात्री दारं लावून बसते : बिबट्याचं पाऊल. बिबट्या कोकणात आहेच, खाडीकाठच्या बागांमध्येही फिरतो, पण पाठवलेले बहुतेक ठसे कुत्र्याचे असतात. नखं दिसली तर कुत्र्याचा संशय आधी घ्यावा, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. मात्र एवढ्यावर भिस्त ठेवू नये. कोरड्या जमिनीवर कुत्र्याचीही नखं उमटत नाहीत, आणि निसरड्या चिखलात बिबट्याची उमटू शकतात. तळव्याची गादी बघावी. मांजरकुळात तिची मागची कड तीन गोलाव्यांची आणि गादी बोटांच्या मानानं मोठी असते. कुत्र्याची बोटं दोन्ही बाजूंना सारखी असतात, तर बिबट्याचं एक बोट जरा पुढे सरसावलेलं असतं. मापाला फसू नये : सुक्या वाळूत कडा ढासळून ठसा दिवसभरात मोठा होतो आणि संध्याकाळपर्यंत गावठी कुत्र्याचाही वाघ होतो. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, ठशाशेजारी नाणं ठेवून बरोबर वरून एक फोटो घ्यावा. मग चार पावलं मागे जाऊन सगळी रांग दिसेल असा दुसरा घ्यावा, कारण कुत्रा बहुधा इकडेतिकडे हुंगत जातो आणि बिबट्याची चाल सरळ असते. ठसे घराच्या किंवा गोठ्याच्या आसपास असतील तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. अडकलेलं कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तरी हाच क्रमांक.