गेंटचं दार, शेजाऱ्याच्या अंगणात

११ ऑक्टोबर २०२४ रोजी टेर्न्यूझनच्या नव्या लॉकच्या (जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या बांधकामाच्या) उद्घाटनाला दोन राजे हजर होते, नेदरलँड्सचे विलेम-अलेक्झांडर आणि बेल्जियमचे फिलीप. लॉक डच जमिनीवर आहे, पण त्याची निकड होती ती कालव्याने सुमारे ३२ किलोमीटर आत असलेल्या बेल्जियमच्या गेंट बंदराला. खर्चातला मोठा वाटाही बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतानेच उचलला. शेजाऱ्याच्या अंगणात आपलं दार का बसवावं लागलं, याचं उत्तर पावणेपाचशे वर्षं मागे जातं.

गेंट हे कापडाच्या व्यापारावर वाढलेलं शहर, पण समुद्रापासून लांब. १५४७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने (त्याचा जन्मही गेंटचाच) उत्तरेकडे कालवा खोदायला परवानगी दिली. कालवा जिथे भरतीच्या पाण्याला मिळाला तिथे लॉक बांधलं आणि त्याभोवती गाव वसलं, सास फान गेंट. ‘सास’ म्हणजे लॉकच. नाव गेंटचं, पण १६४४ मध्ये डचांनी ते गाव जिंकून घेतलं. १६४८ च्या म्युन्स्टर तहाने समुद्राकडे जाणाऱ्या स्केल्ट नदीचा मार्गही बंद झाला. गेंटची किल्ली तेव्हापासून दुसऱ्याच्या कनवटीला आहे.

नेपोलियनच्या पाडावानंतर दोन्ही प्रदेश एका राज्यात आले. राजा पहिल्या विलेमने कालवा थेट टेर्न्यूझनपर्यंत नेला आणि १८२७ मध्ये तो खुला झाला. तीनच वर्षांत बेल्जियमने बंड करून वेगळी चूल मांडली. वाहतूक थांबली, ती १८४१ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढचं प्रत्येक रुंदीकरण मग दोन सरकारांच्या कराराशिवाय होईना.

आता लॉकच का, उघडा कालवा का नाही? टेर्न्यूझनला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चारेक मीटरने हलते, तर कालव्याची पातळी स्थिर ठेवावी लागते. म्हणून दोन दारांमध्ये जहाज अडवायचं, मधलं पाणी वर-खाली करायचं आणि मग पुढचं दार उघडायचं. पण प्रत्येक खेपेला समुद्राचं थोडं खारं पाणी आत शिरतं. लॉक मोठं तितकी ही डोकेदुखी मोठी.

१९६८ च्या पश्चिम लॉकमुळे मोठी मालवाहू जहाजं गेंटपर्यंत येऊ लागली आणि कालव्याकाठच्या पोलाद कारखान्याला समुद्रमार्गे कच्चा माल मिळू लागला. मात्र सगळी भिस्त त्या एका लॉकवर. ते दुरुस्तीला बंद झालं की मोठ्या जहाजांना दुसरी वाट नव्हती. शिवाय पॅरिसच्या बाजूने नदी-कालव्यांतून येणाऱ्या बार्जेसही (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) याच रांगेत ताटकळायच्या.

२०१५ मध्ये दोन्ही बाजूंनी करारावर सह्या केल्या आणि २०१७ मध्ये काम सुरू झालं. दरम्यान, २०१८ मध्ये गेंट आणि डच झेलंड या दोन बंदरांनी एकत्र येऊन ‘नॉर्थ सी पोर्ट’ ही एकच संस्था केली. सीमेवरची जुनी कुरबूर पाहता, काँक्रीट ओतण्यापेक्षा हे काम मला अधिक अवघड वाटतं.

नवं लॉक ४२७ मीटर लांब, ५५ मीटर रुंद आणि १६ मीटरहून थोडं अधिक खोल आहे. लांबी-रुंदी पनामाच्या २०१६ च्या लॉकइतकीच. त्याच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं मधलं लॉक पाडावं लागलं. पश्चिम लॉक मात्र शेजारी चालूच आहे.