थंडीतली लॉनची निगा

गारठा वाढला की गवताची वाढ मंदावते आणि कापणी, पाणी, खत सगळ्याचाच हिशोब बदलतो, पण आधी आपलं गवत कुठल्या जातीचं आहे ते बघायचं. हरळी (म्हणजेच बर्म्युडा) किंवा झोयसिया असेल तर माती १० अंश सेल्सिअसच्या आसपास आली की लॉन तपकिरी पडतं, ते मेलेलं नसतं, मुळं नि धावते फाटे जिवंतच असतात, लोक मात्र घाबरून खत ओततात आणि ते फुकट जातं. फेस्क्यू, रायग्रास, केंटकी ब्लूग्रास यांचं बरोब्बर उलटं, १५ ते २४ अंशांत ती जोमात फुटतात आणि पानं थांबली तरी मुळं गार मातीतही वाढत राहतात, म्हणून बी टाकणं, खत, माती टोचून मोकळी करणं हे कडाका पडायच्या महिना-दीड महिना आधीच उरकायचं.

कापणी कॅलेंडर बघून बंद करायची नाही, गवत वाढायचं थांबलं की आपणही थांबायचं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटायचं नाही, म्हणजे ९ सेंमी असेल तर ६ वर आणायचं. हिवाळ्याआधी एकदाच बुडापासून भादरून टाकू हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो वाईटच, कारण नवे फुटवे जिथून येतात तो जमिनीलगतचा भाग उघडा पडतो. फार उंच ठेवलं तरी पंचाईत, बर्फ पडत असेल तर गवत खाली दबून बुरशी धरते. कापून एक-दोन दिवसांनी पात्यांची टोकं जवळून बघा, पांढरट दोरे निघाल्यासारखी फाटलेली दिसली तर ब्लेड बोथट झालंय.

दहिवर म्हणजे गोठलेलं दव पडलेल्या लॉनवर कापणीचं मशीन फिरवणं तर दूरच, चालायचंसुद्धा नाही, गवताच्या पेशींतलं पाणी गोठलेलं असतं, पाय पडला की पेशी फुटतात आणि तिथे पावलांचे काळपट-तपकिरी ठसे उमटतात. ऊन येऊन दहिवर वितळेपर्यंत थांबायचं. पालापाचोळा पातळ असेल तर वरून मशीन फिरवून त्याचा चुरा तिथेच राहू द्यावा, ओला जाड थर मात्र उचलायचाच, खालच्या गवताला उजेड मिळत नाही.

पेट्रोलचं मशीन असेल तर कापणी संपल्यावर टाकी रिकामी करा, महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. ब्लेडला धार लावायची असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढा.