पार्श्वभूमी: कोकणातल्या मासळीला कोणता सोया सॉस?

कोकणात सोया सॉस आला तो मुंबईच्या वाटेने. खरं तर दर्यावाटेची ओळख फार जुनी. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेले डच जपानच्या नागासाकीहून या सॉसची पिंपं आशियाभर नेत असत. पण कोकम, तिरफळ आणि ओल्या खोबऱ्यावर चालणाऱ्या स्वयंपाकाला त्याची गरज पडली नाही.

गरज निर्माण केली चायनीजच्या गाडीने. कोलकात्यातल्या चिनी कुटुंबांनी १९५०च्या दशकात सॉसचे कारखाने काढले. १९७५ साली मुंबईतल्या एका क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन जन्मलं आणि पुढे ती चव हॉटेलातून रस्त्यावर उतरली. चाकरमान्यांच्या मुलांनी ती गणपतीला गावी आणली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चिपळूणपासून मालवणपर्यंत चायनीजच्या गाड्या दिसू लागल्या. गाडीवरची बाटली बहुतेक डार्कची, म्हणजे गडद सॉसची. झाकणाला भोक, दोन झटके मारले की पांढरा भात तपकिरी. घरोघरी तीच बाटली गेली, म्हणून आजही आपल्याकडे ‘सोया सॉस’ म्हटलं की डार्कच समजतात.

डार्क की लाइट, म्हणजे गडद की फिका, हा वाद त्यामुळे नेहमी रंगावरून होतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. बाटलीतला सॉस आंबवलेला आहे की आम्लात उकळलेला, हे आधी बघायला हवं.

आंबवलेल्या सॉसमध्ये शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर बुरशी चढवतात, मग ते मिठाच्या पाण्यात सहा-सहा महिने मुरवतात. दुसऱ्या पद्धतीत तेल काढून उरलेली सोयाची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची, आम्ल मारायचं, वर कॅरामेलचा रंग घालायचा. काम दिवसांत उरकतं. महायुद्धानंतर जपानमध्ये याच प्रश्नावर मोठा पेच पडला होता. सोयाबीनची टंचाई होती आणि देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाचा कल कमी मालात जास्त सॉस काढणाऱ्या रासायनिक पद्धतीकडे होता. १९४८ मध्ये एका जुन्या उत्पादकाने मधला मार्ग काढला: थोडं आम्ल, मग थोडं आंबवणं. ही रीत त्याने प्रतिस्पर्ध्यांनाही खुली करून दिली. परंपरेशी तडजोड केली म्हणून तिच्यावर टीका होते, पण मला तो निर्णय योग्यच वाटतो. आंबवण्याचा धंदा त्यामुळे तगला आणि आज जपानमधला बहुतांश सॉस पुन्हा आंबवलेलाच असतो.

रासायनिक पद्धतीचा खरा दोष पुढे उघड झाला. पेंडीत राहिलेल्या तेलाशी आम्लाची प्रक्रिया होऊन ३-एमसीपीडी नावाचं घातक द्रव्य तयार होतं. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये काही आयात सॉसमध्ये ते जास्त सापडलं आणि माल दुकानांतून काढावा लागला. त्यानंतर युरोपात किलोला २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली. म्हणून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचावीत. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ (आम्लात उकळलेल्या पेंडीचंच हे नाव) दिसलं की बाटली परत फळीवर ठेवावी. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर डोळे मिटून घ्यावी.

यानंतर रंगाकडे वळावं. चिनी रिवाजात डार्क जास्त मुरवलेला, बहुधा काकवी किंवा कॅरामेल घातलेला असतो. तो रंगासाठी, म्हणजे नूडल्स आणि मटणाला. लाइट पातळ आणि खारट, तो चवीसाठी. ताज्या मासळीला लाइटच हवा. वाफवलेल्या पापलेटावर डार्क ओतला तर पांढरं मांस गढूळ दिसतं आणि माशाची गोडी मरते. माकूल (स्क्विड) तर कढईत मिनिट-दोन मिनिटंच टिकतं, जास्त झालं की रबर. लाइट सॉस अगदी शेवटी, तापलेल्या कडेवरून सोडावा.

लाइट म्हणजे मीठ कमी, असं मात्र समजू नये. जपानी फिक्या सॉसमध्ये तर गडद सॉसपेक्षा मीठ जास्त असतं. चहाच्या एका चमच्यात जवळपास एक ग्रॅम मीठ जातं. सुका जवळा घालून भात परतणार असाल तर वरून मीठ घालूच नका, आणि सॉसही जवळ्याची चव घेऊन मगच घाला.